मासे मजेत, मग गोगलगायी का मरतात?

नमस्कार दादा,

माझा मुलगा ऑगस्टमध्ये शिकायला जर्मनीला गेला आणि त्याची समुद्री टाकी माझ्या गळ्यात पडली. तीन फूट लांब, दीड बाय दीड, खाली संप (पाणी गाळायची दुसरी टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), पाणी हलवणारे दोन वेव्हमेकर. पाणी सगळं मिळून १७० लिटर आहे असं तो म्हणतो. दोन क्लाउनफिश, एक पजामा कार्डिनल, एक क्लीनर श्रिम्प, आठ-दहा गोगलगायी. कोरल, म्हणजे प्रवाळ, सगळे मऊ : लेदर, झोआ, मश्रूम, झेनिया. त्याने लिहून दिलेला तक्ता मी तंतोतंत पाळते. दर आठवड्याला २० लिटर पाणी बदलते, रोज सकाळी दोन बाटल्यांतलं कॅल्शियम आणि केएच (पाण्यातलं कार्बोनेट) घालते. दिवाळीपर्यंत सगळं उत्तम होतं. डिसेंबरअखेर गोगलगायी काचेवरून गळून उताण्या पडायला लागल्या, एकेक करत सहा गेल्या. जानेवारीत श्रिम्प कात टाकतानाच मेला. झेनिया विरघळून गेला. लेदर तीन आठवडे मिटलेला आहे, झोआ अर्धेमुर्धे उघडतात. मासे मात्र खाऊनपिऊन मजेत.

आकडे असे : क्षारता १.०२७, तापमान २६ ते २८, नायट्रेट १०, फॉस्फेट ०.०८, केएच १२.४, कॅल्शियम ४६०. अमोनिया शून्य.

मागच्या आठवड्यात एका क्लाउनच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली, ‘टाकीत घाला, काही होत नाही’ म्हणाला. अजून घातलेलं नाही. दगडांवर शेवाळ धरलंय, सगळे काढून उकळत्या पाण्यातून काढू का? नणंदेने मालवणहून आणलेला प्रवाळाचा पांढरा तुकडा घरात आहे, तो टाकीत ठेवला तर कॅल्शियम मिळेल का? आणि भाचीला डोरी, तो निळा मासा, हवी आहे.

ता. क. दिवाळीत प्युरिफायर बदलला, तांब्यावाला घेतला. पाणी चवीला छान आहे, पण वाया फार जातं. टाकीत रोज अडीच-तीन लिटर भर घालावी लागते, तीही त्याच पाण्याची. त्यामुळे पाण्याबद्दल शंका नको.

– एक वाचक, पुणे

ताई,

निळी बाटली आधी टाकीपासून लांब ठेवा आणि दगड उकळायचा विचार आजच सोडून द्या. दोन्हींची कारणं पुढे येतील. आधी तुमचा ताजा कलम घेतो, कारण सगळ्या पत्रात कामाची गोष्ट तिथेच आहे. ज्या पाण्याबद्दल शंका नको म्हणता, मला नेमकी त्याचीच शंका आहे.

कोण मेलं ते बघा. गोगलगायी, मग श्रिम्प, मग झेनिया. लेदर आणि झोआ आजारी. मागच्या आठवड्यातले ठिपके सोडले तर तिन्ही मासे ठणठणीत. अमोनिया झाला असता, तर मासे गोगलगायींच्या आधी नसले तरी बरोबरीने हबकले असते. ऑक्सिजन कमी पडला असता तर सकाळी दिवा लागायच्या आधी मासे वरच्या थरात तोंड मारताना दिसले असते. पाठीचा कणा नसलेले तेवढे जीव उचलायचे आणि माशांना हात लावायचा नाही, असं करणाऱ्यांच्या यादीत तांबं सगळ्यात वर येतं. गंमत म्हणजे श्रिम्प आणि बऱ्याच गोगलगायींच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारा जो पदार्थ असतो त्यात तांबंच असतं. पण शरीराला लागतं त्याहून जरा जास्त झालं की तेच तांबं त्यांना विष होतं. माशाला मात्र ते बरंच सोसतं. म्हणून तर माशांच्या परजीवींवरची औषधं तांब्याची असतात.

आता हिशेब करू. टाकीतून रोज अडीच लिटर पाणी उडतं. उडताना फक्त पाणी जातं, त्यात विरघळलेलं सगळं मागे राहतं. मिठागरात हेच चालतं आणि तुमच्या हॉलमध्येही हेच चालू आहे, फक्त तुम्ही रोज नव्याने भर घालता. दिवाळीपासून आजपर्यंत शंभर दिवस धरले तरी अडीचशे लिटर झाले, म्हणजे अख्ख्या टाकीच्या दीडपट. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. तुमचं पाणी अगदी कडक मर्यादेत, म्हणजे ०.०५ वर आहे असं समजा. अडीचशे लिटरमधून साडेबारा मिलिग्रॅम तांबं टाकीत आलं. ते १७० लिटरमध्ये वाटलं तर लिटरला ०.०७ मिलिग्रॅमच्या आसपास जातं. यातलं काही तुमच्या पाणी बदलण्यात बाहेर गेलं असेल, काही दगड-वाळूने धरून ठेवलं असेल. पण बदलायचं पाणीसुद्धा त्याच प्युरिफायरचं, म्हणजे त्यातूनही थोडं आलंच. खुल्या समुद्रात तांबं लिटरला मिलिग्रॅमच्या दहा हजाराव्या भागात मोजतात, साधारण ०.०००१ ते ०.०००३. म्हणजे माणसासाठी पूर्ण शुद्ध असलेलं पाणी घालूनसुद्धा आपण समुद्राच्या शेकडो पट वर जाऊन बसतो. आणि तुमच्या प्युरिफायरमध्ये तर तांबं मुद्दाम मिसळलेलं आहे. तुम्ही ते पाणी खुशाल प्या. टाकीला मात्र एक थेंबही देऊ नका.

मुलाच्या वेळी हे का झालं नाही, तर जुन्या प्युरिफायरमध्ये ते तांब्याचं काड्रिज नव्हतं. त्याचा तक्ता त्या पाण्यावर बेतलेला होता. चूक ना त्याची, ना तुमची.

तुमच्या किटवर यातलं काहीच दिसणार नाही. टीडीएस मीटर एकूण क्षार मोजतो, ०.०५ मिलिग्रॅम तांबं त्याच्या खिजगणतीतही नाही. दुकानात मिळणारं तांब्याचं टेस्ट किट औषधाचा डोस मोजायला केलेलं असतं. त्यावर शून्य आलं याचा अर्थ गोगलगायीसाठी शून्य असा होत नाही. खात्री हवी असेल तर टाकीचं नव्हे, प्युरिफायरचं पाणी पिण्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या आणि तांबं तपासायला सांगा. गोड्या पाण्यात ते मोजणं सोपं जातं, खाऱ्या पाण्यात मिठाचा अडथळा येतो. दुसरा मार्ग स्वस्त आहे आणि तो उपायही आहे : धातू शोषून घेणारं पॅड समुद्री टाक्यांच्या दुकानात मिळतं. ते संपमध्ये, पाण्याची धार त्यातून जाईल असं बसवा. तांबं धरलं की ते निळसर होत जातं. साधी घाण धरली तर तपकिरी होतं, त्यावरून काही ठरवू नका.

तरीही दोन गोष्टी तपासून घ्या. संपमध्ये बॅटरी मारून एखादं गंजलेलं क्लिप, स्क्रू, चुंबकाचं फुटलेलं आवरण दिसतंय का बघा. काच घासायच्या चुंबकाला तडा गेला की आतला धातू पाण्यात उतरतो आणि महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरं, हॉलमध्ये डासांचं मशीन लावता का? त्यातली औषधं पायरेथ्रॉइड जातीची असतात आणि श्रिम्प-खेकड्यांना ती फार जहाल. माशांनाही ती बाधतात, म्हणून तुमच्या बाबतीत मला तो पहिला संशयित वाटत नाही. पण स्किमर खोलीतली हवा ओढून सतत पाण्यात मिसळत असतो, हे विसरू नका. त्याची हवा घेणारी बारीक नळी लांब करून खिडकीबाहेर काढा. झुरळांची फवारणी करायची वेळ आलीच तर त्या दिवशी टाकी प्लॅस्टिकने झाका आणि स्किमर बंद ठेवा.

आता करायचं काय. पहिलं काम पाण्याचं. सगळ्यात बरं म्हणजे टाकीसाठी वेगळं आरओ-डीआय युनिट, म्हणजे पाण्यातले जवळपास सगळे क्षार काढणारं यंत्र. आरओच्या पुढे डीआयचं काड्रिज असतं, आतल्या रेझिनचा रंग बदलला की ते संपलं असं समजायचं. मीटरवर टीडीएस शून्य यायला हवा, एक आला तरी चालेल, वीस चालणार नाही. तेवढा खर्च आता नको असेल तर प्युरिफायरच्या मेकॅनिकला बोलावून मेम्ब्रेननंतर लगेच, म्हणजे मिनरल आणि तांब्याच्या काड्रिजच्या आधी, एक फाटा काढून घ्या आणि त्याला डीआय काड्रिज जोडा. मेकॅनिक नाक मुरडेल, पण काम अर्ध्या तासाचं आहे. वॉरंटीचं आधी विचारून ठेवा. ही सोय होईपर्यंत इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) चालेल. कॅन घेताना पाणी आहे, अॅसिड नाही, हे लेबलवर वाचा आणि घरी आणून टीडीएस बघा.

मग पाणी बदल. आठवड्याला दोनदा, २५-२५ लिटर, चार आठवडे. याहून मोठा बदल एका वेळी करू नका. मिटलेल्या कोरलला तांब्याइतकाच अचानक बदलांचाही त्रास होतो. मीठ आदल्या रात्री कालवा, पंप लावून फिरत ठेवा, सकाळी क्षारता आणि तापमान टाकीशी जुळवून मगच ओता. पॅडबरोबर ताज्या कार्बनची पिशवी संपमध्ये ठेवा आणि दर दोन आठवड्यांनी बदला.

घाईने निकाल मिळणार नाही हे मात्र सांगून ठेवतो. तुमचे दगड कॅल्शियम कार्बोनेटचे आहेत. त्यांनी धरलेलं तांबं पाणी स्वच्छ झालं की हळूहळू परत पाण्यात सुटतं. म्हणून पॅड पहिल्यांदा निळं झाल्यावर काढून टाकून समाधान मानू नका, दुसरं लावा. दोन महिन्यांनी एकच गोगलगाय आणा. तिला पिशवीतून थेट टाकू नका, तासभर टाकीचं पाणी थोडं थोडं मिसळत सवय होऊ द्या. दोन आठवडे ती काचेवर फिरत राहिली, रात्री तिची वाट दिसली, तर आणखी आणा. श्रिम्प त्यानंतरच.

लेदरचं सांगतो. लेदर अधूनमधून मिटतो, अंगावर मेणासारखी चकचकीत साय धरतो आणि ती टाकून परत फुलतो. हे आठ-दहा दिवस चालतं आणि ते त्याचं नेहमीचं आहे. तीन आठवडे हे जास्तच झाले, पण लेदर चिवट असतो. त्याच्यावर पाण्याचा प्रवाह नीट येतोय का बघा, साय वाहून गेली पाहिजे. हाताने खरवडू नका. झेनिया गेला तो गेला. तो तसाही लहरी. उद्या टाकी बरी झाली की तो इतका पसरेल की तुम्हीच त्याला शिव्या घालाल.

आता तुमचे आकडे. एरवी मी या आकड्यांबद्दल कौतुक केलं असतं. नायट्रेट १० आणि फॉस्फेट ०.०८ मऊ कोरलांना छान आहेत, ते शून्यावर न्यायचा प्रयत्न करू नका. पाण्यात पोषण अजिबात उरलं नाही की कोरल फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्म जीवांचा तपकिरी चिकट थर वाळूवर माजतो. तो घालवणं तांब्याहून जिकिरीचं. केएच १२.४ मात्र उगाच वर गेलाय आणि त्याचं कारण त्या दोन बाटल्या. कठीण कोरल आपला सांगाडा बांधायला कॅल्शियम आणि केएच रोज ओढतात, त्यांच्या टाकीत रोजचा डोस लागतो. तुमच्या टाकीत ओढणारं कोण आहे? दगडांवरचं गुलाबी कोरलाइन शेवाळ आणि उरलेल्या दोन-चार गोगलगायींची शंखं, बस. मुलाने तक्ता केला तेव्हा पुढे कठीण कोरल घ्यायचा बेत असेल. बाटल्या आजपासून बंद. पाणी बदलण्यातूनच केएच आठ-नऊवर उतरेल, मुद्दाम उतरवायला काही घालू नका. एका दिवसात एका अंशापेक्षा जास्त हलला तर कोरल चिडतात. आठवड्यातून एकदा मोजलं तरी पुरे. समुद्रात केएच सातच्या आसपास आणि कॅल्शियम ४१०-४२० असतं, एवढं लक्षात ठेवलं तरी घाबरायची वेळ येणार नाही.

क्षारता १.०२७ हीसुद्धा थोडी वर आहे, १.०२५ ते १.०२६ हवी. आधी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे क्षारता मोजायचं यंत्र, तपासा. ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन द्रव मिळतं, त्यावर लावा. साध्या पाण्यावर शून्य आलं म्हणजे वरचाही आकडा बरोबर येतो असं नाही. आणि भर रोज घाला, दोन दिवसांची एकदम नको. टाकीत पाण्याची पातळी हलत नाही, हलते ती संपच्या शेवटच्या कप्प्यात, जिथे रिटर्न पंप आहे तिथे. त्या कप्प्याच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीची रेघ मारा आणि रोज सकाळी पाणी रेघेपर्यंत आणा. एकदा सवय झाली की फ्लोट लावलेलं ऑटो टॉप-अप घ्या. उन्हाळ्यात ते नसलं तर फार धावपळ होते.

पांढऱ्या ठिपक्यांचं. ठिपके सुटे, मोजता येतील असे, रव्याच्या कणाएवढे असतील आणि मासा खात असेल, तर तो समुद्री इच, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी. ठिपके न दिसता अंगभर बारीक धूळ बसल्यासारखी वाटत असेल आणि मासा जोरजोरात कल्ले हलवत असेल, तर तो व्हेल्व्हेट नावाचा दुसरा परजीवी, आणि त्यात हातात दोन-तीन दिवसच असतात. क्लाउनला तिसरंही एक होतं, अंगावर पांढरट चिकट थर धरून तो सोलल्यासारखा होतो. त्याला फॉर्मलिन लागतं, तांब्याचा उपयोग नाही. तुमच्या वर्णनावरून इच वाटतो, पण दिवा लावून पाच मिनिटं नीट बघा.

निळी बाटली बहुतेक कॉपर सल्फेटची असणार. ज्या टाकीत आपण तांबं उपसायला निघालोय त्यात तीच बाटली ओतायची म्हणजे उरलेल्या कोरलांचं कामच तमाम. दुकानदार ‘काही होत नाही’ म्हणाला ते माशांपुरतं खरं आहे. आणि ‘कोरललाही चालतं’ असं लिहिलेल्या बाटल्याही आणू नका. इच मारणारं औषध कोरलला चालत नाही, आणि कोरलला चालणारं इचला मारत नाही.

हा परजीवी माशाच्या कातडीत काही दिवस राहतो, मग गळून वाळूवर-दगडावर चिकटतो, तिथे गाठ बांधून आत शेकड्यांनी पिल्लं करतो आणि ती फुटून पुन्हा मासा शोधतात. ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला असं जे वाटतं ते इथेच फसतं. गळून पडलेले ठिपके खाली वाळूत तयारी करत असतात. म्हणून मासे बाहेर काढायचे, तिन्हीही, ठिपके असलेला एकच नव्हे. दोन मोठे स्वच्छ प्लॅस्टिकचे टब घ्या, तीस-चाळीस लिटरचे, ज्यांत कधी साबण किंवा फिनाइल गेलेलं नाही असे. एकात नवं खारं पाणी, हीटर, एअर पंप, लपायला पीव्हीसीचे एल्बो. त्यात मासे तीन दिवस ठेवा. तीन दिवस पुरे व्हायच्या आत दुसऱ्या टबात, तसंच ताजं पाणी करून, मासे हलवा, शक्यतो जुनं पाणी सोबत न नेता. पहिला टब, हीटर, पाइप सगळं धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. असं चार वेळा. गळून पडलेला परजीवी परत माशावर चढायच्या आत मासा तिथून निघून गेलेला असतो. औषध लागत नाही. मेहनत लागते, पण तीन लहान माशांसाठी ती झेपण्यासारखी आहे. जाळी आणि बादल्या मोठ्या टाकीच्या वेगळ्या ठेवा. व्हेल्व्हेट असेल तर ही युक्ती चालत नाही, तेव्हा मात्र त्या टबात, मोजून, तांब्याचं औषध द्यावं लागतं.

बारा-तेरा दिवसांनंतर मासे टबातच राहतील. मोठी टाकी माशांशिवाय अकरा आठवडे रिकामी ठेवायची. दगडावर चिकटलेल्या गाठी अगदी उशिरा, दहा आठवड्यांनीही फुटल्याचं आढळलेलं आहे. आणलेल्या गोगलगायीच्या शंखावर बसूनही परजीवी येऊ शकतो, म्हणून वर सांगितलेली ती एक गोगलगाय त्याच दुकानात माशांच्या टाकीतली नको. इतके दिवस मासे टबात म्हटल्यावर तिथे स्पंज फिल्टर लागेल. अमोनिया एक दिवसाआड मोजा, शून्यापेक्षा वर दिसला की निम्मं पाणी बदला. समुद्री पाण्याचा पीएच आठच्या वर असतो आणि त्या पीएचला अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त जहाल होतो. मोठ्या टाकीत मात्र आठवड्यातून दोनदा चिमूटभर खाद्य टाकत राहा, जिवाणूंना खायला हवं. टाकीला तांब्यातून सावरायलाही नेमका हाच काळ मिळेल.

दगड उकळण्याबद्दल. हे मी ठळक अक्षरात छापायला सांगणार होतो. झोआ आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, आजवर माहीत असलेल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. असे दगड उकळले की ते वाफेबरोबर हवेत येतं. परदेशात दगड उकळणारी घरंच्या घरं यामुळे रुग्णालयात गेलेली आहेत. मायक्रोवेव्ह, प्रेशर वॉशर, गरम पाणी, काहीच नको. झोआ हाताळताना हातमोजे, डोळ्यांना चष्मा, हाताला जखम असेल तर त्या दिवशी काम नको. दगड घासताना पाण्याखालीच घासा. आणि ताई, ते शेवाळ गोगलगायी नाहीत म्हणून आलंय. गोगलगायी परत आल्या की तेही जाईल. तोपर्यंत टूथब्रश.

मालवणचा तुकडा टाकीत नको, काचेच्या कपाटातही नको. सगळे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतरही तिथेच आहेत. मेलेला सांगाडासुद्धा त्यात येतो. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. नणंदेने कुणाकडून विकत घेतला असेल तर किनाऱ्यावर सहज मिळतो म्हणून, तिचा हेतू वाईट नसणार. वन विभागाला कळवून जमा करा. समुद्री घोड्यांनाही हेच लागू आहे. कॅल्शियमचं म्हणाल तर आठच्या वरच्या पीएचला तो तुकडा विरघळतच नाही, त्यामुळे त्याचा तसाही उपयोग शून्य. तुमच्याकडचे मऊ कोरल या यादीत नाहीत. मुलाला मात्र सांगा, हॅमर, टॉर्च, अॅक्रोपोरा हे कठीण कोरल कुणी मित्र फुकट देत असला तरी नको.

डोरीही नको. ती फुटाच्या आसपास वाढते, दिवसभर पोहत असते आणि इच धरण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. तुमची तीन फुटी टाकी तिला खोलीएवढीही नाही. भाचीला क्लाउनचंच वेड लावा. क्लाउन हॅचरीत वाढवलेले मिळतात. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने देशात त्यांची पैदास बसवून दिली आहे, आपल्याकडे ऐरोलीलाही हॅचरी आहे. दुकानात विचारा, समुद्रातून पकडलेले की हॅचरीचे. हॅचरीचे टाकीतलं खाद्य पहिल्या दिवसापासून खातात. क्लाउनला अॅनेमोनी (समुद्रफूल) लागतेच असं नाही. ती आत्ता आणू नका, तांब्यात ती सगळ्यात आधी जाईल.

पुढचे तीन महिने पुण्याचा उन्हाळा आहे आणि तुमचं तापमान आत्ताच २८ ला टेकतंय. चिलर महाग आहे, त्याआधी पंखा. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा लहान पंखा दोन-तीन अंश उतरवतो, पण पाणी दुपटीने उडतं. म्हणजे भरही दुप्पट, आणि म्हणूनच शुद्ध पाण्याची सोय उन्हाच्या आत व्हायला हवी. दिव्याची वेळ दुपारऐवजी संध्याकाळ ते रात्र करा. टाकीवरचं काचेचं झाकण काढून जाळी लावा. तिसाच्या वर गेलं तर बर्फ थेट पाण्यात टाकू नका, गोठवलेली बाटली संपमध्ये तरंगवा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा स्किमर, पंप सगळं बंद पडतं. गरम पाण्यात आधीच ऑक्सिजन कमी, त्यात प्रवाह थांबला की पहिले हाल माशांचे. बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा, माशांच्या टबालाही तो लागेल. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त एक वेव्हमेकर घ्या, हीटर आणि दिवा नको. वीज गेली की वरचं पाणी संपमध्ये उतरतं, तेवढी जागा संपमध्ये रिकामी आहे का, हे एकदा स्विच बंद करून आधीच बघून घ्या, नाहीतर फरशी पुसायची वेळ येईल.

पॅड लावल्यावर आठवड्याने त्याचा फोटो पाठवा, दिवसाच्या उजेडात काढलेला. टाकीच्या निळ्या दिव्याखाली सगळीच पॅडं निळी दिसतात.